दहाचा खटका

तोआकासेला एका जागी बसता म्हणून यायचं नाही. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकाखाली तिचा पाय हलायला लागायचा, मग अख्खा बाक हलायचा आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मागे वळून बघायच्या. आम्ही बायका केतकीच्या पानांच्या चटया विणायला एकत्र बसायचो. तिथे ती अर्धा तास टिकली तर आम्ही म्हणायचो, आज हिला ताप आलाय. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, केव्हाच हात टेकले होते. फक्त एका ठिकाणी ही बाई तासन्‌तास बसायची. आमच्या वावाउ बेटाच्या टेकडीवर बिनतारी केंद्र आहे, तिथे माइकसमोर. बारा वर्षं ती समुद्रावरच्या बोटींशी बोलत होती. कुठे वारा फिरला, कुठलं इंजिन बंद पडलं, कुणाची बायको बाळंत झाली, सगळं तिच्याच तोंडून बोटींना कळायचं.

मी फातई, त्याच केंद्रातली कारकून. तारा लिहून घेणं आणि नोंदवही ठेवणं ही माझी कामं. तिसरं एक काम होतं, ते पगारपत्रकात नव्हतं. केंद्रात यंत्रं बघायला होता पौलिआसी, तोआकासेचा सख्खा धाकटा भाऊ, आणि या दोघांमध्ये निरोप पोचवायची मी.

राजधानीत आता भावाबहिणीतलं हे अंतर कुणी पाळत नाही म्हणतात. नुकुआलोफाला भाऊबहीण एका दुचाकीवरून फिरतात म्हणे, फिरोत बापडे. पण या दोघांचे वडील चर्चचे कारभारी, जुन्या वळणाचे. वयात आल्यापासून ही भावंडं एका खोलीत बसली नव्हती. बहिणीचा मान भावाच्या वरचा. तिच्यासमोर त्याने आवाज चढवायचा नाही, थट्टा करायची नाही, आणि ‘चुकलीस’ म्हणायचं तर नावच नको. केंद्रात मधोमध फळ्यांची भिंत होती, पुढे ती आणि मागे तो. भिंतीच्या टोकाला दार होतं आणि दारात माझं टेबल.

एकोणनव्वद सालच्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. पौलिआसीच्या सासरच्यांनी त्याला ऑकलंडला काम बघितलं, आणि मुख्य कचेरीचं पत्र आलं. यापुढे बोलणारा आणि यंत्रं बघणारा अशी दोन माणसं मिळणार नाहीत, एकच मिळेल. ऑगस्टमध्ये इंजिनिअर येऊन परीक्षा घेतील. इथलं कुणी पास झालं नाही तर राजधानीतून माणूस पाठवू. थोडक्यात, तोआकासेने यंत्रं शिकावीत, नाहीतर घरी जाऊन चटया विणाव्यात.

तिने पत्र उभ्यानेच वाचलं. मग बाहेर जाऊन इमारतीला तीन फेऱ्या मारल्या आणि माझ्या टेबलाशी आली.

“मावशी, त्याला म्हणावं, मला ती हिरवी पेटी शिकव.”

हिरवी पेटी म्हणजे ऑसिलोस्कोप. तळहाताएवढा पडदा, त्यावर चौकटी आखलेल्या, आणि चौकटींतून पळणारी हिरवी रेघ. तारेतली वीज डोळ्याला दिसत नाही, ती या रेघेत दिसते. सरळ वीज असली की रेघ सपाट, हेलकावणारी असली की लाट. लाट खालपासून वरपर्यंत किती चौकटी उंच आहे ते मोजायचं आणि एका चौकटीला किती व्होल्ट त्याने गुणायचं. आडव्या चौकटी मोजल्या की एका लाटेला किती वेळ लागला ते कळतं. इतकं मलासुद्धा कळलं, कारण त्या चार महिन्यांत ते माझ्या कानांवरून हजार वेळा गेलं.

शिकवणी कशी चालायची ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझी दया येईल. पौलिआसी तारेच्या कोऱ्या कागदावर लाटेचं चित्र काढायचा, वायरीचं टोक कुठे लावायचं ते लिहायचा आणि बाहेर जाऊन नीरफणसाच्या झाडाखाली बसायचा. मग तोआकासे मागच्या खोलीत जायची. खटके फिरवायची, रेघ पळून जायची, ती चरफडायची. शेवटी कसंबसं माप घेऊन कागदावर आकडा लिहायची. तो कागद घेऊन मी झाडाखाली. तो बघणार, काहीतरी बोलणार, ते ऐकून मी परत आत. पन्नाशी उलटलेली बाई मी, माझे गुडघे या दोघांनी त्या चार महिन्यांतच संपवले.

“चार महिने पुरतील का गं?” ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता परत आत जायची. जेवायला बसली तरी एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने टेबलावर लाटा काढत बसायची. अळूच्या पानातलं मटण मी तिच्यासाठी घरून आणायचे, ते तसंच गार व्हायचं.

जूनमध्ये बोटींवरून तक्रारी यायला लागल्या. म्हातारा सितिवेनी, ज्याची मासेमारीची बोट आहे, तो एक दिवस म्हणाला, “तोआकासे, तुझ्या घशात माशी गेली का? बोलतेस कमी आणि गुणगुणतेस जास्त.”

“तुमच्या कानात मळ झालाय, काका.”

“माझ्या एकट्याच्या? सगळ्या बोटींच्या कानात?”

ती हसली, पण तिचा रंग उतरला. पौलिआसीने तेव्हा तिला नेमकं त्या गुणगुणण्याचंच माप घ्यायला दिलेलं होतं. आवाज समुद्रावर पाठवणाऱ्या प्रक्षेपकाला जी वीज जाते ती सपाट हवी. तिच्यावर बारीक लाट उठली की ती आवाजात गुणगुणते. अर्ध्या व्होल्टाच्या आतली लाट चालते. तोआकासेने मोजली, तीन चौकटी, एका चौकटीला व्होल्टाचा दहावा भाग. शून्य पूर्णांक तीन. म्हणजे वीज ठणठणीत. दुसऱ्या दिवशी मोजली, तेच. पडद्यावर सगळं आलबेल होतं आणि समुद्रावर सगळे माशी माशी करत होते.

मी कागद घेऊन झाडाखाली गेले. पौलिआसीने आकडा बघितला आणि कपाळाला आठी घातली.

“तिला म्हणावं, डोळे उघडून मोज. वायरीच्या टोकाला एक आणि दहा लिहिलेला खटका आहे. तो दहावर आहे. दहावर असला की पडद्यावर दहावा हिस्साच दिसतो. दहाने गुण म्हणावं.”

“तूच का नाही दुरुस्त करून टाकत?”

“मी गेल्यावर कोण करणार? तिला सापडू दे.”

मी आत आले. ती दारातच उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

“काय म्हणाला?”

आता मी काय सांगितलं ते लिहिते. लिहिताना अजूनही कान गरम होतात. मी म्हणाले, “म्हणतो, ताईंचं छान चाललंय. जरा सावकाश.”

मी काही द्वाड नव्हे. भावाचा शब्द बहिणीकडे न्यायचा तर तो धुऊन, वाळवून, घडी घालून न्यायचा, हे मला माझ्या आईने शिकवलं आणि तिला तिच्या आईने. ‘डोळे उघडून मोज’ हे मी मोठ्या बहिणीला तोंडावर कसं सांगणार? आणि तो खटका, तो मला किरकोळ वाटला. म्हटलं, एवढंसं बटण, तिचं तिला दिसेल.

आठवड्याने तो पुन्हा म्हणाला, या वेळी दात ओठ खाऊन, “मावशी, शंभर वेळा सांगू का? दहाचा खटका!” मी आत जाऊन सांगितलं, “म्हणतो, एवढ्या लवकर कुणालाच जमत नाही.” तिच्याकडून उलट निरोप आला, “विचार त्याला, मग आवाज का गुणगुणतो? त्याच्या आकड्यांत काय माती आहे?” तो मी झाडाखाली नेला असा: “ताई म्हणतात, आवाज थोडा गुणगुणतोय, सवडीने बघ.” तिसऱ्यांदा पौलिआसीने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “राहू दे. तिला माझं ऐकायचंच नाही.” आणि मी आत जाऊन म्हणाले, “म्हणतो, ताईंच्या मनाप्रमाणे करा.”

तो समजला, बहिणीला गर्व झालाय. ती समजली, आपण शिकलो, फक्त यंत्राला भूत लागलंय. दोघंही झुरायला लागली. तिचं वजन उतरलं. ती मध्येच उठून माप घ्यायची, आकडा तोच यायचा, मग हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐकायची. मी चटया विणायला गेले की बायका विचारायच्या, काय गं, पोरीला नजर लागली का? मी म्हणायचे, परीक्षेची काळजी. माझ्या मनात एक खडा टोचत होता, पण मी तो बघत नव्हते.

गुरुवारी परीक्षा. त्या आधीच्या सोमवारी सकाळी सितिवेनीने बोटीवरून विचारलं, “पुन्हा सांग, वारा आग्नेयेचा की ईशान्येचा? काही कळत नाही बाई.” तिने माइक बंद केला आणि थेट माझ्या टेबलाशी आली.

“मावशी, लाटेच्या मापाबद्दल तो काय म्हणाला होता?”

“सांगितलं ना. छान चाललंय म्हणाला.”

“त्याचे शब्द सांग.”

“अगं, तेच ते, जरा इकडे तिकडे…”

“इकडचे नकोत, तिकडचे नकोत. त्याच्या तोंडचे.”

मी नोंदवहीत डोकं घातलं. तिने नोंदवही मिटली. मग मला सांगावंच लागलं. डोळे उघडून मोज. दहाचा खटका. शंभर वेळा सांगू का. राहू दे. सगळं एका दमात सांगितलं आणि मला रडू आलं. मला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दोन महिने, मावशी,” ती म्हणाली. “दोन महिने मी दहापट चुकीचं मोजतेय. आणि तू मला मऊ मऊ खायला घालत होतीस.”

मग ती मागच्या दारात गेली आणि झाडाच्या दिशेने, मला न विचारता, मला न सांगता, सरळ हाक मारली.

“पौलिआसी, आत ये.”

बहिणीने बोलावलं म्हणजे यायलाच हवं. तोच तर नियम. तो आला, डोक्यावरची टोपी काढली आणि भिंतीशी खाली बसला, नजर जमिनीला.

“तिथे नको. तिथून पडदा दिसत नाही. इथे, स्टुलावर.”

“ताई, लोक…”

“लोक गुरुवारी माझी परीक्षा देणार आहेत का? बस इथे. मी माप घेते. चुकले की तोंडाने सांगायचं. माझा हुकूम आहे.”

तो बसला, पण अंग चोरून. तिने मुद्दामच खटका दहावर ठेवला आणि म्हणाली, “शून्य पूर्णांक तीन.” त्याच्या कपाळावर घाम आला. हातातली टोपी त्याने पिळली. मी दारात उभी होते.

“चूक,” तो पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

“चूक, ताई. तीन व्होल्ट आहेत. चालतात त्याच्या सहापट.”

“मग कुठलं खराब झालंय?”

“शोध.”

तिने शोधलं. दुपार झाली तोवर खोलीत ‘चूक’ हाच शब्द उडत होता. चूक, टोक तिथे नाही. चूक, काळी क्लिप आधी जमिनीच्या तारेला. चूक, पुन्हा मोज. ती उलटून भांडत होती, तोही आवाज चढवत होता, आणि त्या इवल्या पडद्यावर दोघांची डोकी टेकायची तेवढी बाकी होती. शेवटी वीज सपाट ठेवणारा एक कपॅसिटर फुगलेला सापडला. तो तिने काढला, नवा बसवून डाख दिला, आणि तीन व्होल्टांची लाट शून्य पूर्णांक दोनवर आली. सितिवेनी म्हणाला, “माशी मेली वाटतं.” मी दोन कप चहा केला. तो मला मधे न घालता त्यांनी एकमेकांना दिला. खरं सांगायचं तर मला राग आला. इतकी वर्षं मी या कामात होते आणि एका दुपारीत कुणाला माझी गरज उरली नाही.

गुरुवारी सकाळच्या बोटीने इंजिनिअर आले, उइलिसोनी साहेब. जाड, घामाघूम आणि अतिशय सभ्य. त्याच बोटीने दुपारी तीनला ते परत जाणार होते आणि पौलिआसीही जाणार होता. तो सामान घेऊन धक्क्यावर गेला, साहेब मागच्या खोलीत गेले.

चार मापं होती. तीन तिने बरोबर घेतली. चौथं होतं धोक्याच्या सुराचं. बोट संकटात असली की जो कर्कश सूर सोडतात, तो सेकंदाला किती लाटांचा आहे ते मोजायचं. तिने चौकटी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि सोळाशे लिहिले. खाली लिहिलं, “कान म्हणतो सूर नेहमीचाच आहे. माप जुळत नाही. का ते मला माहीत नाही.”

साहेब कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली केला.

“बाई, तुम्ही तिच्या जवळच्या. तुम्हीच जरा नीट सांगा. म्हणावं, प्रयत्न फार चांगला होता, पुढे कधीतरी बघू…”

माझ्या तोंडात गोड वाक्य तयार होतं. सवयच ती. मी ते गिळलं.

“साहेब, निरोपाचं काम मी सोमवारी सोडलं. ती पलीकडे उभी आहे. तुम्हीच सांगा.”

त्यांचे कान लाल झाले. पण माणूस भला, आत गेले आणि तिच्या तोंडावर बोलले. “तीन बरोबर. चौथं चूक. तेराशे यायला हवे होते. हा सूर चुकला तर माणसं बुडतात, त्यामुळे चारपैकी चार लागतात. तू नापास आहेस.”

“बारा वर्षं मी तो सूर ऐकतेय. सूर तोच आहे. माप खोटं बोलतंय.”

“मग का खोटं बोलतंय ते सांग.”

 तिने घड्याळाकडे बघितलं, दोन वाजले होते. चपला तिथेच टाकून ती टेकडी उतरून पळत सुटली. मी तिच्यामागे, जमेल तशी.

धक्क्यावर गठ्ठे, चटया, कोनफळांच्या टोपल्या आणि रडणारे नातेवाईक. त्यांच्यामधून ती थेट पौलिआसीसमोर जाऊन उभी राहिली. “सोळाशे का येतात? तेराशे हवेत.”

त्याची सासू टोपी सावरून दुसरीकडे बघायला लागली. सगळा धक्काच दुसरीकडे बघायला लागला. पौलिआसी क्षणभर गोंधळला, मग त्याने कपाळावर हात मारला.

“लाल बटण! वेळेच्या खटक्याच्या मधोमध छोटं लाल बटण आहे. ते उजवीकडे टोकापर्यंत, टक्क वाजेपर्यंत फिरवलेलं लागतं, नाहीतर आडव्या चौकटींना काही अर्थ नाही. मी ते कधी हलवलंच नाही, म्हणून सांगितलंही नाही. ताई, ही माझी चूक.”

“बरं,” ती म्हणाली आणि वळून पळाली. निरोपाचे दोन शब्दसुद्धा नाहीत. त्याचे डोळे भरले. तो माझ्याकडे वळला. “मावशी, तिला सांग…”

“ती बघ चाललीय. ओरड.”

आणि पौलिआसी भर धक्क्यावर, सासूच्या देखत, मोठ्या बहिणीवर ओरडला, “ताई! घाई करू नकोस! आधी टक्क, मग मोज!”

मी धापा टाकत वर पोचले तेव्हा साहेब बॅग घेऊन दारात होते आणि ती दार अडवून उभी होती.

“चौथं माप पुन्हा घेते.”

“अगं, माझी बोट सुटेल.”

“तीनचं हवामान ऐकल्याशिवाय कप्तान बोट सोडत नाही. हवामान मी वाचते. बसा.”

साहेब बसले. तिने लाल बटण फिरवलं, टक्क आवाज झाला. मग चौकटी मोजल्या, एकदा, दोनदा. एका लाटेला पावणेचार चौकटींहून जरा जास्त. गुणाकार, भागाकार. तेराशे.

“हे बटण तुम्ही फिरवून ठेवलं होतं,” ती म्हणाली.

“हो. परीक्षा होती.” त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग ते तिच्याकडे वळून म्हणाले, “बरोबर आहे.”

“नक्की? की मान राखून म्हणताय?”

“बाई, मान राखायचा असता तर मघाशी तोंडावर नापास केलं असतं का?”

त्यांनी चारही मापांसमोर ‘बरोबर’ लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिला दिला. मी तर बाहीने डोळे पुसत होते. तिने कागद शांतपणे पूर्ण वाचला, पेन मागून घेतलं आणि चौथ्या मापासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘दुसऱ्या खेपेस’. मग माइक पुढे ओढला, कारण तीन वाजत आले होते.